विष्णुपंत दामले आणि मराठी बोलपटाचा आवाज

१९३७ सालीं व्हेनिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवांत दोन चित्रें अशीं होतीं, कीं ज्यांचा उल्लेख एका वाक्यांत सहसा कोणी करीत नाहीं. एक होतें फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार यांचें 'ला ग्रांद इल्यूझियों', आणि दुसरें पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचें 'संत तुकाराम'. पहिल्यांत महायुद्धांतले कैदी आणि त्यांचे पहारेकरी फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा आपापल्या भाषांत बोलतात. दुसऱ्यांत देहूचा एक वाणी मराठींत अभंग गातो आणि त्याची बायको त्याला तितक्याच अस्सल मराठींत रागें भरते. पहिल्यास एकंदर कलात्मक कामगिरीबद्दल पारितोषिक मिळालें. दुसऱ्याचाहि तेथें खास गौरव झाला.

फ्रेंच चित्राचे ध्वनिलेखक जोझेफ द ब्रतान्य. १९३१ मध्यें रन्वार यांनीं पॅरिसच्या खऱ्याखुऱ्या वस्तींत उतरून 'ला शिएन' हा बोलपट घेतला, तेव्हां आवाज घेणाऱ्यांत हे गृहस्थ होते. १९३९ च्या 'ला रेग्ल द्यु जू' या चित्राचा आवाजहि त्यांनींच घेतला. रन्वार यांच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. द ब्रतान्य यांच्या वांट्यास श्रेयनामावळींतील एक ओळ आली. ध्वनिलेखकाच्या धंद्याचें हें भाग्य सर्व देशांत सारखेंच आहे. नटाचा चेहरा दिसतो, गायकाचा गळा ऐकूं येतो, दिग्दर्शकाचें नांव जाहिरातींत असतें. आवाज बरा आला तर तो घेणारा कोणी होता हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं, आणि वाईट आला तर मात्र प्रेक्षागृहांतला पोरगाहि त्याच्या नांवानें शीळ घालतो.

मराठी चित्राची गोष्ट थोडी निराळी आहे. 'संत तुकारामा'चे दोन दिग्दर्शक, विष्णुपंत गोविंद दामले व शेख फत्तेलाल. त्यांपैकीं दामले यांचें नांव दिग्दर्शक म्हणून सुशिक्षित मराठी माणसास ठाऊक असतें. परंतु त्या आधींचीं चार-पांच वर्षें ते प्रभातचा ध्वनिविभाग चालवीत होते, आणि मराठी भाषा पडद्यावर प्रथम उमटली ती त्यांच्या हाताखालून, ही गोष्ट मागें पडली आहे. माझ्या मतें 'तुकारामा'च्या थोरवीचें मर्म या आधींच्या वर्षांतच आहे. जो मनुष्य इतकीं वर्षें कान लावून बसला होता, त्यानेंच हें चित्र केलें.

मूकपट व बोलपट यांतील फरक आम्हां नागपूरकरांस समजावून सांगावयास नको. नागपूर ही त्या काळीं मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. एका बाजारांत मराठी व हिंदी या दोन्ही भाषा बोलणारें शहर. मूकपटास भाषेची अडचण नसे. चित्राच्या मध्यें लिखित पाट्या येत, त्यांवर दोन-तीन लिप्यांत मजकूर असे, आणि ज्यास वाचतां येत नसे त्याला शेजारचा मोठ्यानें वाचून दाखवी. एकच चित्र मुंबईस, नागपुरास, लाहोरास चाले. चित्र बोलूं लागतांच हें ऐक्य संपलें. ज्या भाषेंत तें बोलेल त्या भाषेच्या मुलखापुरतें तें उरलें. कंपन्यांस एकच कथा दोनदां घ्यावी लागूं लागली, एकदां मराठींत आणि एकदां हिंदींत. आणि ज्या भाषेला प्रथमच पडद्यावर तोंड फुटत होतें, तिचा उच्चार कसा, स्वर किती, ठसका कोणता, हें ठरविण्याची जबाबदारी नकळत एका यंत्राजवळ बसलेल्या माणसावर येऊन पडली.

हिंदुस्थानांतील पहिला पूर्ण बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत लागला. तो घेणारे अर्देशीर इराणी यांनीं अमेरिकेहून यंत्र आणविलें, आणि त्याबरोबर विल्फर्ड डेमिंग नांवाचा एक अमेरिकन तज्ज्ञहि आला. त्याचें दिवसाचें शंभर रुपये वेतन परवडेना, म्हणून इराणी यांनीं त्याच्याकडून विद्या उचलली आणि आवाज घेण्याचें काम स्वतःच पत्करलें. यंत्र असें होतें कीं चित्र व आवाज एकाच फितीवर एकाच वेळीं उमटत. म्हणजे बोलण्यांत एक चूक झाली तर सारा प्रसंग पुन्हां. स्टुडिओशेजारून आगगाड्या जात, म्हणून चित्रण रात्रीं उशिरा, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर करावें लागे. मायक्रोफोन नटांच्या आसपास कोठें तरी दडवून ठेवीत. या सर्व हकीकती आज गमतीच्या वाटतात. परंतु दामल्यांसमोर जें काम येऊन पडलें त्याची अवघडाई त्यांवरून कळते.

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील पेण येथें झाला. तरुणपणीं ते आनंदराव व बाबूराव पेंटर या चुलतबंधूंच्या हाताखालीं आले. हे दोघे भाऊ नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत नामांकित होते. राजवाडा, राजमार्ग, अरण्य, आश्रम असे ते पडदे. नटाच्या मागें खोली आहे असा भास कापडावर उत्पन्न करावयाचा. याच वर्तुळांत विष्णुपंतांची फत्तेलाल यांच्याशीं गांठ पडली, ती जन्माची. पुढें लोक एकास दामलेमामा व दुसऱ्यास साहेबमामा म्हणूं लागले, आणि एकाचें नांव घेतलें कीं दुसऱ्याचें आपोआप तोंडीं येई. एक चित्पावन ब्राह्मण व एक मुसलमान अशी ही जोडी पुढें संतांचीं चित्रें काढणार होती.

आनंदराव पेंटरांना हलत्या चित्रांचें वेड लागलें होतें. कॅमेरा विकत आणण्यास पैसा नाहीं म्हणून तो घरींच बनवावयाचा, असा त्यांचा हट्ट. १९१६ मध्यें ते वारले, आणि अर्धवट राहिलेलें काम बाबूरावांनीं पुरें केलें. त्यांत दामले यांचा हात होता. या कॅमेऱ्याच्या बळावर कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल दिलें तें गायिका तानीबाई कागलकर यांनीं. कंपनीचें पहिलें चित्र 'सैरंध्री' १९२० मध्यें पुण्यास लागलें आणि लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस 'सिनेमाकेसरी' म्हणून गौरविलें. या कंपनीच्या शाळेंत दामले कॅमेरा, फीत धुणें, छापणें, यंत्रें दुरुस्त करणें अशीं सर्व कामें शिकले. १९२८ चें 'महारथी कर्ण' हें चित्र त्यांनीं व फत्तेलाल यांनीं मिळून दिग्दर्शित केलें. १ जून १९२९ रोजीं या दोघांनीं शांताराम, केशवराव धायबर व सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर कोल्हापुरासच प्रभात फिल्म कंपनी काढली. दोन वर्षांत सहा मूकपट निघाले, आणि इतक्यांत 'आलम आरा' आला.

पांच भागीदारांत कामाची वांटणी होतीच. शांताराम दिग्दर्शक, धायबर छायालेखक, फत्तेलाल नेपथ्याचे प्रमुख. आवाजाचें खातें दामल्यांकडे आलें. पडदे रंगविणारा मनुष्य ध्वनिलेखक झाला हें वरवर पाहतां विपरीत वाटतें. संगीताचा शास्त्री नव्हे, विद्युच्छास्त्राचा पदवीधर नव्हे, मग हें काम याच्याकडे कसें?

याचें उत्तर त्या काळच्या यंत्राच्या घडणींतच आहे. ग्रामोफोनची तबकडी व बोलपटाची फीत यांत मूलतःच भेद होता. तबकडीवर सुई आवाज कोरते. फितीवर आवाजाचा फोटो निघतो. मायक्रोफोनांत शिरलेल्या स्वराचा विजेचा प्रवाह होतो, तो प्रवाह एका प्रकाशरेषेस कमीअधिक करतो, आणि ती रेषा धांवत्या फितीच्या कडेवर एक अरुंद पट्टा उमटविते. कोठें काळा, कोठें फिका, कोठें रुंद, कोठें निमुळता. चित्रपटगृहांत या पट्ट्यामागें दिवा असतो; त्याचा प्रकाश पट्ट्यांतून गाळून एका प्रकाशग्राही घटावर पडतो, तेथें पुन्हां विजेचा प्रवाह होतो आणि कर्ण्यांतून तारामती रडूं लागते. म्हणजे आवाज असा कोठेंच नाहीं. आहे तें चित्र. तें चांगलें निघणें न निघणें हें जितकें मायक्रोफोनवर अवलंबून, तितकेंच फीत धुण्याच्या द्रावणावर, त्याच्या उष्णतेवर, फीत त्यांत किती मिनिटें राहिली यावर. चेहरा किंचित् काळा आला तर प्रेक्षक चालवून घेतो. आवाजाचा पट्टा किंचित् काळा आला तर 'स'चा 'श' होतो आणि गाणें घोगरें होतें.

ज्यानें दहा-बारा वर्षें काळोख्या खोलींत फिती धुण्यांत घालविलीं होतीं, त्याला हें खातें परकें नव्हतें. तो कानाच्या कामास डोळ्याच्या वाटेनें आला.

गतीचा प्रश्न मात्र नवा होता. मूकपटाचा कॅमेरा हातानें फिरवीत. हात थोडा मंदावला तरी कोणाचें कांहीं बिघडत नसे. बोलपटाची फीत सेकंदास चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटास नव्वद फूट, या एकाच वेगानें धांवली पाहिजे. वेग ढळला कीं स्वर ढळला. शिवाय छापील प्रतींत आवाज हा त्याच्या चित्राच्या सुमारें वीस चौकटी, म्हणजे सव्वा फूट, पुढें असावा लागतो. कारण प्रक्षेपकांत चित्र दाखविण्याची जागा वेगळी व आवाज वाचण्याची वेगळी. हें अंतर चुकलें तर ओंठ आधीं हलतात आणि शब्द मागून येतो. कॅमेऱ्याची घरघरहि आवाजांत येऊं नये म्हणून त्याला कोंडून ठेवावा लागे, आणि एके काळीं नदीनाल्यांतून धांवणारा कॅमेरा एकाएकीं पांगळा झाला.

या अडचणींतून 'अयोध्येचा राजा' निघाला. हिंदी प्रत १९३२ च्या जानेवारींत व मराठी प्रत ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं लागली. हाच मराठींतला पहिला बोलपट. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे. या दोन नांवांतच ध्वनिलेखकाचें सारें संकट सांठविलेलें आहे. टेंबे हे नाटकाचे, संगीताचे, बैठकीचे माणूस. चित्राचें संगीतहि त्यांचेंच. रंगभूमीचा आवाज हा शेवटच्या बाकावरील माणसाला पोहोंचावा म्हणून फेंकलेला असतो, त्याचें सौंदर्यच त्या फेंकींत असतें. मायक्रोफोनला अशी फेंक सोसत नाहीं. तो दोन हातांवर बसलेला असतो. उलट दुर्गाबाई रंगभूमीवर वाढलेल्या नव्हत्या. त्यांचें बोलणें घरांतल्या बाईचें. एकाच प्रसंगांत हे दोन आवाज एकाच पट्ट्यावर बसवावयाचे. आणि हें सर्व दोनदां करावयाचें, कारण मराठीच्या मागोमाग तोच प्रसंग हिंदींत. गाणें चित्रणाच्या वेळींच गावयाचें, वादकहि तेथेंच, परंतु कॅमेऱ्याच्या दृष्टीबाहेर. पार्श्वगायनाची युक्ति पुढें १९३५ मध्यें कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें रूढ केली, तेथील ध्वनिलेखक मुकुल बोस यांचें नांव त्यासंबंधीं घेतलें जातें. १९३२ मध्यें कोल्हापुरास ती सोय नव्हती.

आज हें चित्र पाहिलें तर त्यांत नाटकीपणा पुष्कळ आढळेल. परंतु शब्द कळतात. पौराणिक मराठीचें प्रत्येक वाक्य कानांत स्वच्छ येतें. पहिल्या प्रयत्नांत हें साधलें, यापलीकडे दामल्यांची अधिक स्तुति करण्याचें कारण नाहीं.

१९३३ मध्यें प्रभातनें कोल्हापूर सोडून पुण्यास आपलें नवें आवार बांधलें. तेथें १९३४ मध्यें 'अमृतमंथन' झालें आणि केशवराव भोळे हे संगीतदिग्दर्शक म्हणून आले. भोळे हे संगीताचे मर्मज्ञ टीकाकारहि होते. चित्रपटांतलें गाणें हें नाटकांतल्या गाण्यासारखें नसावें, हें त्यांना उमगलें होतें. ध्वनिविभागास असा संगीतकार मिळणें म्हणजे चित्रकारास उजेडाची खोली मिळण्यासारखें आहे.

पुढच्याच वर्षीं एक प्रयोग झाला, त्याची आठवण मराठी रसिकांस अजून हळवी करते. १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रांत एकनाथांची भूमिका खुद्द बालगंधर्वांनीं केली. (चित्राचें नांव आधीं 'महात्मा' होतें, तें गांधीजींची आठवण करून देतें म्हणून सरकारी परीक्षकांनीं बदलावयास लाविलें.) ज्या गळ्यानें महाराष्ट्र वीस-पंचवीस वर्षें वेडा झाला होता तो गळा आतां खेडोपाडीं पोहोंचणार, अशी सर्वांची अपेक्षा. ती पुरी झाली नाहीं, आणि या एका चित्रानंतर प्रभातशीं त्यांचा संबंध संपला. याचा दोष कोणी स्त्रीवेषाच्या अभावास दिला, कोणी वयास. मला वाटतें, कारण आणखी एक आहे. बालगंधर्वांचें गाणें हें प्रेक्षागृहाशीं होणारें संभाषण होतें. 'वन्स मोअर' येई, तान पुन्हां घेतली जाई, समोरचा श्रोता मान हलवी आणि त्यावरून पुढची जागा सुचे. मायक्रोफोन मान हलवीत नाहीं. ध्वनिलेखक गळा पकडूं शकतो, मैफल नाहीं. प्रभातच्या मंडळींनीं यांतून कांहीं बोध घेतला असला पाहिजे, कारण पुढच्या वर्षीं त्यांनीं संताच्या भूमिकेस जो मनुष्य निवडला तो असा महान् गवई नव्हता.

विष्णुपंत पागनीस हे पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आणि मुंबईस संगीत शिकवीत. त्यांचा आवाज गोड, परंतु लहान. 'संत तुकारामां'त ते बोलतां बोलतां गाऊं लागतात, आणि बोलणें कोठें संपलें व अभंग कोठें सुरू झाला हें सांगतां येत नाहीं. रंगभूमीवर गाणें येणार हें आधीं ऑर्गननें कळतें. श्रोता सांवरून बसतो. येथें तसें होत नाहीं. भोळ्यांच्या चाली, पागनिसांचा हळू स्वर, आणि तो हळू स्वर विश्वासानें जवळून घेणारा मायक्रोफोन, या तिन्हींचा तो परिणाम आहे. तीन हजार प्रेक्षकांसमोर कोणी इतकें हळू गाऊं शकला नसता.

याच चित्रांत सालोमालो हा ढोंगी कवि तुकारामांचे अभंग चोरून आपले म्हणून गातो. शब्द तेच, परंतु चाल भडक, आवाज मिरविणारा, हावभाव नाटकी. दिग्दर्शकांनीं पात्राच्या तोंडीं एकहि टीकेचें वाक्य न घालतां, केवळ कानाच्या साक्षीनें, खरा अभंग कोणता व खोटा कोणता हें अडाणी माणसासहि कळेल असें केलें. ध्वनिलेखकाशिवाय दुसऱ्या दिग्दर्शकास ही युक्ति सुचली असती, नाहीं असें नाहीं. पण इतकी भिस्त त्यानें तिच्यावर ठेवली नसती.

आणि जिजाई. गौरी ही बाई प्रभातमध्यें किरकोळ कामें करतां करतां नटी झालेली. पुण्याच्या नाट्यमंडळांत तालीम घेतलेली जीभ तिला नव्हती, आणि हाच तिचा गुण ठरला. ती नवऱ्यावर करवादते, पोरांस ओढीत नेते, विठोबास पायतणानें बडवावयास निघते. आणि तिच्या तोंडची भाषा कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत न बसणारी आहे. मराठी बोलपटानें आरंभापासून पुण्याची शुद्ध बोली हीच मराठी असें मानलें, आणि आम्हां वऱ्हाड-नागपूरकडील लोकांच्या बोलीस त्यांत फक्त गड्याची भूमिका मिळाली, ही माझी जुनी तक्रार आहे. परंतु जिजाईचें बोलणें ऐकतांना ती तक्रार मी विसरतों. जिथें यंत्रानें माणसाचा स्वर जसाच्या तसा घेतला, तिथें गांव कोणतें हा प्रश्न उरत नाहीं. शेवटीं तुकाराम विमानांत बसून वैकुंठास जातात आणि जिजाई पृथ्वीवर राहते. अभंग आकाशांत विरतो, आणि बोलणें खालीं उरतें.

चित्र १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईस सेंट्रल चित्रपटगृहांत लागलें आणि तेथें सत्तावन्न आठवडे चाललें. तें फक्त मराठींत होतें, तरीहि दुसऱ्या प्रांतांत गेलें. त्यांतला एक अभंग शांताराम आठवले यांनीं नव्यानें रचलेला. तो इतका मुरला कीं तुकारामांच्या गाथेंतलाच म्हणून लोक तो गाऊं लागले. यांत आठवल्यांचें कौशल्य आहेच, परंतु पागनिसांच्या स्वरांत ऐकलेल्या शब्दास गाथेचा अधिकार येतो, हाहि बोलपटाचा एक चमत्कार आहे. ज्या समाजांतील बहुसंख्य लोकांस वाचतां येत नव्हतें, त्याच्या कानांत तुकारामांचा एक आवाज कायमचा ठरून गेला. तो आवाज पागनिसांचा आहे, तुकारामांचा नव्हे, हें आतां कितीहि सांगितलें तरी उपयोग नाहीं.

प्रभातच्या ध्वनिविभागाची तयारी पुढच्या वर्षीं शांतारामांच्या 'कुंकू' चित्रांत उपयोगी पडली. म्हाताऱ्याशीं फसवून लग्न लावलेल्या मुलीची ही कथा. तींत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. घड्याळाची टिकटिक, घरांतले आवाज, रस्त्यावरचे आवाज, आणि शांता आपटे यांचीं गाणीं, तींहि कथेंत कोणी तरी खरोखर गात आहे अशा रीतीनें. फ्रान्समध्यें रन्वार यांचाहि हाच आग्रह होता, कीं जागेवर जो आवाज झाला तोच घ्यावा, मागून चिकटवूं नये. पुणें व पॅरिस यांमध्यें याविषयीं कांहीं पत्रव्यवहार झालेला नव्हता. एकच यंत्र हातीं आलेल्या शहाण्या माणसांस एकच गोष्ट सुचली, इतकेंच.

'गोपालकृष्ण' (१९३८) व 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हीं चित्रें दामले-फत्तेलाल जोडीनें केलीं, आणि 'संत सखू' (१९४१) मध्यें राजा नेने त्यांच्या जोडीस आले. 'ज्ञानेश्वरां'त चमत्कारांची रेलचेल आहे. भिंत चालते, रेडा बोलतो. तांत्रिक करामत म्हणून तीं दृश्यें वाखाणली गेलीं. 'तुकारामां'तली शांतता मात्र त्यांत नाहीं, आणि मला तें चित्र नेहमीं त्याच्या धाकट्या भावासारखें वाटत आलें आहे. १९४२ मध्यें शांताराम कंपनींतून बाहेर पडले. ५ जुलै १९४५ रोजीं दामले पुण्यास निवर्तले. त्यानंतर प्रभात फार वर्षें टिकली नाहीं. १९५० नंतर थोड्याच वर्षांत तिचा कारभार आटोपला. फत्तेलाल १९६४ पर्यंत जगले. प्रभातच्या आवारांत १९६० मध्यें सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था निघाली. ज्या जागीं दामल्यांनीं आपलें खातें चालविलें, त्याच जागीं ध्वनिलेखन हा रीतसर अभ्यासाचा विषय झाला.

राहिला प्रश्न फितींचा. त्या काळची फिल्म नायट्रेटची. तिला भडकन आग लागते, आणि आग न लागली तरी ती आपोआप कुजते. 'ला ग्रांद इल्यूझियों'ची मूळ फीत महायुद्धांत जर्मनांनीं बर्लिनला नेली, तेथून रशियनांनीं मॉस्कोस नेली, पुढें ती फ्रान्समधील तुलूझच्या चित्रसंग्रहांत येऊन पडली, आणि हीच ती मूळ फीत हें ओळखावयासहि कित्येक वर्षें गेलीं. 'ला रेग्ल द्यु जू'ची मूळ फीत तर १९४२ च्या बाँबहल्ल्यांत नष्टच झाली. उरलेल्या प्रती जुळवून १९५९ मध्यें तें चित्र पुन्हां उभें करावें लागलें. आमच्याकडे युद्ध आलें नाहीं, तरी १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपटसंग्रहालय निघेपर्यंत या वस्तु जपण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. 'आलम आरा'ची एकहि प्रत आज शिल्लक नाहीं; जें पहिलें भारतीय बोलणें, तें गेलें. आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यास प्रभातच्याच जुन्या आवारांतील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली. शेंकडो जुन्या चित्रांच्या फिती जळाल्या, त्यांत प्रभातच्याहि होत्या. कित्येकांच्या प्रती नव्या फिल्मवर आधींच उतरविलेल्या होत्या म्हणून तीं चित्रें वांचलीं. परंतु प्रतीची प्रत काढतांना कडेचा तो अरुंद पट्टा प्रत्येक वेळीं थोडा थोडा मळतो.

'अयोध्येचा राजा' वांचला आहे. आज उपलब्ध असलेल्या भारतीय बोलपटांत अत्यंत जुना म्हणून अभ्यासक त्याकडेच वळतात. तो लावला म्हणजे प्रथम फितीची सळसळ ऐकूं येते, आणि मग तिच्या मागून टेंब्यांचा स्वर.